पत्रांतले पुणे : १८९७ चा प्लेग, हीरकमहोत्सव आणि परदेशातले गोखले

पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला जाणाऱ्या माणसाला त्या इमारतीचा इतिहास माहीत असण्याचे काही कारण नाही. पण इतिहासाकडे जरा लक्ष असणाऱ्याला तेथे दोन गोष्टी चटकन दिसतात. १८८६ साली ही दगडी इमारत उभी राहिली तेव्हा तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले होते. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. नव्या इमारतीवर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुले यांनी केलेला विरोध प्रसिद्ध आहे. हा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. आणि इमारतीजवळ उभा आहे तो लोकमान्य टिळकांचा पुतळा. त्याचे अनावरण १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले.

फुले आणि टिळक ही दोन नावे मंडईने अशी एकत्र ठेवली आहेत. त्याच पुण्यातल्या, त्याच काळातल्या तिसऱ्या माणसाची आठवण मात्र येथे कोणाला होत नाही. तो माणूस म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. प्लेगच्या साली, म्हणजे १८९७ मध्ये, पुणे भोगत असताना ते पुण्यात नव्हते, लंडनमध्ये होते. आपल्या गावावर संकट कोसळलेले असताना परमुलखात असणाऱ्या, गावची हकिकत केवळ पत्रांतून कळणाऱ्या आणि तरीही गावाच्या वतीने बोलावे लागणाऱ्या माणसाचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते वर्गातल्या एका प्रश्नामुळे. एकोणिसाव्या शतकातील निबंधवाङ्मय शिकवताना गोखल्यांच्या १८९७ च्या माफीचा उल्लेख आला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘म्हणजे सर, ते घाबरले का?’’ आम्ही नेहमीचे उत्तर दिले : मवाळांचे राजकारण, सनदशीर मार्ग वगैरे. उत्तर दिल्यावर आमचे आम्हालाच जाणवले, की हे उत्तर नव्हे. प्रश्न टाळण्याची ती एक सवयीची रीत आहे. म्हणून त्या वर्षाचा क्रम पुन्हा एकदा लावून पाहिला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वर्षअखेरीस तो पुण्यात पोहोचला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि त्याच महिन्यात साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँड हे मुलकी अधिकारी पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून आले. सोबत मेजर पॅजेट आणि सर्जन कॅप्टन बेव्हरिज हे दोन सभासद होते. १३ मार्चपासून घरांची झडती सुरू झाली व ती १९ मेपर्यंत चालली. झडतीच्या कामावर डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे शिपाई होते. शिपायांच्या टोळीबरोबर एखादा देशी गृहस्थ असावा, असा नियम होता. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवायचे, कपडे व अंथरुणे जाळायची, जमीन उकरायची, भिंतींना चुना फासायचा, असा हा कार्यक्रम.

या दोन महिन्यांत होळी आली, पाडवा आला. ज्या दिवसांत घराच्या दाराशी गुढी उभारायची त्याच दिवसांत दाराशी शिपाई उभे होते. माजघर, देवघर, स्वयंपाकघर हे भेद त्या शिपायांना माहीत असण्याचे कारण नव्हते. काखेत व जांघेत गाठ आली आहे का, हे पाहणे हा तपासणीचा भाग होता. ती तपासणी स्त्रियांचीही होई, आणि ती उघड्यावर होते, अशी तक्रार शहरात सर्वत्र होती. समितीच्या अहवालात मात्र स्त्रीची जाणूनबुजून बेअदबी केल्याची विश्वासार्ह तक्रार आपल्याकडे आली नाही, याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले. या दोन विधानांमधल्या अंतरातच त्या वर्षाची पुढची सारी कहाणी घडते.

येथे एक गोष्ट आज माहीत आहे, पण तेव्हा कोणालाच माहीत नव्हती, तीही सांगितली पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी शोधला होता. परंतु तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवली. तीही सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे लागली. म्हणजे १८९७ च्या पुण्यात रोग शोधला जात होता तो माणसांच्या अंगावर आणि त्यांच्या कपड्यांत. धान्याच्या पोत्यांआडच्या उंदरांकडे कोणाचे तसे लक्ष नव्हते. झडती घेणारे आणि झडती देणारे, दोघेही एका अर्थाने अंधारातच होते. फरक इतकाच, की एका बाजूच्या अंधाराला कायद्याचे बळ होते.

त्याच पुण्यात मदतीची दुसरी रीतही होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. ते करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, त्या गेल्या. टिळक शहर सोडून गेले नाहीत. हिंदू रोग्यांसाठी वेगळे इस्पितळ उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली वाचवून आणत होत्या, आणि प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना म्हणून केडगावची वाट धरीत होत्या. मोहिमेचे यश मोजताना सरकारी कागद या कामांना फारशी जागा देत नाहीत.

गोखले या साऱ्यापासून दूर होते. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने त्यांना पाठवले होते. बरोबर दिनशा वाच्छा होते. वाटेत कॅले येथे गोखले पडले आणि छातीला मार बसला. प्रवासभर त्यांनी दुखणे अंगावर काढले. लंडनला पोहोचल्यावर अंथरूण धरावे लागले आणि श्रीमती कॉन्ग्रीव्ह या इंग्रज बाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ही हकिकत वाच्छांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. १२ व १३ एप्रिलला गोखल्यांची साक्ष झाली. वय वर्षे तीस. पण आकड्यांवरची त्यांची पकड पाहून जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली. म्हणजे पुण्यात गोरे शिपाई घरात शिरत होते, त्याच आठवड्यांत लंडनमध्ये एक गोरी बाई पुण्याच्या एका प्राध्यापकाच्या उशाशी बसत होती. हा विरोधाभास आम्ही अलंकार म्हणून नोंदवीत नाही. गोखल्यांच्या मनात इंग्रज माणसाविषयी जो विश्वास होता, तो पुस्तकी नव्हता. त्याला असे अनुभवाचे मूळ होते, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

आणि लंडन त्या वर्षी उत्सवात होते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण होत होती. २२ जून १८९७ रोजी हीरकमहोत्सवाची मोठी मिरवणूक निघाली. साम्राज्याच्या कोनाकोपऱ्यांतून आणलेल्या पलटणी तीत होत्या. याच शहरात वर्षाच्या आरंभी लॉर्ड मेयरने हिंदुस्थानातील दुष्काळासाठी मॅन्शन हाउस फंड उघडला होता आणि त्यात पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. दुष्काळनिधी आणि हीरकमहोत्सव ही एकाच वर्षातली, एकाच शहरातली दोन कामे. मदत करणारे हात आणि मिरवणुकीत टाळ्या वाजवणारे हात वेगळे नव्हते. परक्या मुलखात आलेल्या माणसाला हे दोन्ही खरे वाटते आणि दोन्ही परके वाटते.

गोखल्यांच्या टपालात पुण्याची पत्रे येत होती. त्या काळी आगबोटीने टपाल यायला दोन-तीन आठवडे लागत. म्हणजे लंडनमध्ये वाचले जाणारे पुणे नेहमीच दोन-तीन आठवड्यांपूर्वीचे असे. झडतीचा वृत्तान्त, घरातले सामान रस्त्यावर काढल्याची हकिकत, देव्हारे विटाळल्याची तक्रार, आणि एका पत्रात त्याहून भयंकर बातमी : दोन स्त्रियांवर शिपायांनी बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने त्या लाजेने जीव दिला. लिहिणारे लोक गोखल्यांच्या विश्वासातले होते. शिवाय पंडिता रमाबाईंनी पुण्यातल्या प्लेगव्यवस्थेवर, विशेषतः स्त्रियांच्या होणाऱ्या हालांवर, मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले होते. त्याचाही आधार गोखल्यांना वाटला.

इकडे गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर २२ जूनच्याच रात्री हीरकमहोत्सवाची मेजवानी होती. पुण्यातल्या गोऱ्या समाजाचे वर्ष ऋतूंप्रमाणे बांधलेले असे : उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्याला. जून म्हणजे पुण्याच्या ‘सीझन’ची सुरुवात. प्लेग ओसरला होता, काम फत्ते झाले होते, राणीचा उत्सव होता. टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या या मंडळींनी त्या रात्री आपले इंग्लंड गणेशखिंडीत उभे केले होते. मेजवानीहून परतताना दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांच्या गोळ्यांनी रँड जखमी झाले. मागच्या गाडीतून पत्नीसह परतणारे लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड यांचा मृत्यू ३ जुलैला झाला.

येथे तारखांकडे पाहणे आवश्यक आहे. गोखल्यांची मुलाखत ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये २ जुलैला प्रसिद्ध झाली, म्हणजे रँड यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी. पुण्यात हे का घडले, हे इंग्रज वाचकाला समजावे, हा त्यांचा हेतू असावा. पण वाचकाच्या हाती ते विधान आले ते अशा वेळी, की त्याला ते खुनाचे समर्थनच वाटावे. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी चौकशी करून आरोप खोटा असल्याचे कळवले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी ते सभागृहात सांगितले. गोखल्यांनी पुरावा मिळवून देण्याचे कबूल केले आणि ते परत निघाले.

ते ३० जुलैला मुंबईस उतरले. तीनच दिवसांपूर्वी, २७ जुलैला, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. नातू बंधूंना तर खटल्याविनाच, १८२७ च्या जुन्या नियमान्वये, स्थानबद्ध केले होते. असे वातावरण असताना कोण पुढे येऊन साक्ष देणार? ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना नावे उघड होणे परवडणारे नव्हते. ज्यांच्याविषयी लिहिले होते त्या स्त्रियांविषयी तर बोलायलाच नको. एक, पत्रानुसार, जिवंत नव्हती, आणि दुसरीने चव्हाट्यावर येऊन आपली बेअब्रू शपथेवर सांगावी, अशी अपेक्षा तेव्हाच्या समाजात कोण करू शकत होते? गोखल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांचा सल्ला घेतला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बिनशर्त माफीचे पत्र प्रसिद्ध केले. पत्रलेखकांची नावे मात्र त्यांनी अखेरपर्यंत सांगितली नाहीत.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे यावे. आमच्या मते या प्रसंगात तीन वेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले आहेत. पत्रांतली हकिकत खरी होती का, हा पहिला. ती सिद्ध करता येत होती का, हा दुसरा. आणि सिद्ध करता येत नसताना ती छापायला द्यायला हवी होती का, हा तिसरा. माफी ही वस्तुतः दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होती. परंतु तिची भाषा अशी होती, की सरकारने ती पहिल्या प्रश्नाचेही उत्तर म्हणून वाचली. जे सिद्ध झाले नाही ते घडलेच नाही, असा तिचा अर्थ लावला गेला. आमचा आक्षेप असेल तर तो येथे आहे. गोखल्यांना ‘हे मी सिद्ध करू शकत नाही’ एवढेच म्हणून थांबता आले असते. ते पुढे गेले आणि शिपायांची क्षमा मागून मोकळे झाले. ‘भित्रेपणा’ हा शब्द मात्र आम्हाला लागू वाटत नाही. माफीने त्यांच्या पदरी सरकारची कृपा पडली नाही, आणि स्वकीयांचा रोष मात्र पुरेपूर पडला. तो टाळायचा तर नावे सांगून किंवा दोष पत्रलेखकांवर ढकलून अंग काढून घेता आले असते. ते त्यांनी केले नाही.

माफीची खरी किंमत गोखल्यांनी मोजली, असे सगळे चरित्रकार म्हणतात. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. मोठी किंमत मोजली ती ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत त्या स्त्रियांनी. त्यांचा अनुभव आधी दुसऱ्यांच्या पत्रात गेला, मग वर्तमानपत्राच्या मुलाखतीत, मग पार्लमेंटच्या प्रश्नोत्तरात, आणि शेवटी माफीच्या पत्रात पुसला गेला. या सर्व प्रवासात त्या स्वतः कुठेच बोललेल्या नाहीत. पुण्यातून स्वतःच्या नावानिशी बोललेली स्त्री एकच : पंडिता रमाबाई. स्वतः इंग्लंड-अमेरिकेत राहून आलेल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या, ख्रिस्ती झालेल्या या बाईंचे म्हणणेही गव्हर्नरांनी चुकीचे ठरवले. रमाबाईंची साक्ष टिकत नाही, तर पेठेतल्या एखाद्या घरातल्या बाईची कशी टिकावी? साहित्याच्या अभ्यासकांनी या काळातली पत्रे, अहवाल, आठवणी वाचताना हा प्रश्न हाताशी ठेवावा, असे आम्हाला वाटते. मजकुरात कोण बोलत आहे, याइतकेच कोणाच्या वतीने बोलले जात आहे, हेही महत्त्वाचे असते.

पुढचा भाग थोडक्यात. टिळकांना सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा झाली.  डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसची अधिवेशने तेव्हा नाताळच्या सुट्टीत भरत, कारण वकील, प्राध्यापक, नोकरदार यांना मोकळीक असे ती तेव्हाच. मित्र भेटण्याचा, वर्षभराच्या कामाचे कौतुक होण्याचा तो काळ. लंडनमध्ये नाव मिळवून आलेल्या गोखल्यांना तेथे थंड नजरांना तोंड द्यावे लागले. परदेशातून परत येणाऱ्या माणसाला आपले गाव जागेवर सापडते. पण आपली गावातली जागा सापडेलच, असे नाही.

त्यानंतर पुण्यात प्लेग पुन्हा आला. या खेपेस गोखले पुण्यात होते. ते स्वयंसेवक घेऊन प्लेगच्या कामात उतरले; घरोघर फिरले. त्या कामाची वाखाणणी ज्या सँडहर्स्टसाहेबांपुढे माफी मागावी लागली होती, त्यांनीच केली. लोकांनी यातही लाचारी पाहिली. आम्हाला यात दुसरे काही दिसते. ज्या गोष्टीची हकिकत त्यांनी पत्रांत वाचली होती, ती आता ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते.

१९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. पुढे गोपाळ कृष्ण देवधर, ठक्कर बाप्पा यांच्यासारखे सभासद दुष्काळ आणि पूर यांच्या जागी स्वतः जाऊन राहिले. पाहणी करावी, आकडे गोळा करावेत, मग बोलावे, ही त्या संस्थेची शिस्त बनली. देवधर आणि रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. या सर्वांचे मूळ केवळ १८९७ च्या जखमेत शोधणे अतिरेकाचे होईल. पण माहिती दुसऱ्याच्या पत्रातून नव्हे, जागेवर जाऊन घ्यावी, आणि रोगी स्त्रीपाशी पलटणीचा शिपाई नव्हे, शिकलेली परिचारिका पोहोचावी, या दोन गोष्टींचा १८९७ शी संबंध नाही, असेही आम्हाला म्हणता येत नाही. हा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच वाचावा.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात जो कायदा लागू करण्यात आला, तो १८९७ चाच. त्या महिन्यांत परदेशात राहणाऱ्या किती मराठी कुटुंबांनी रात्ररात्र जागून पुण्याची खबर घेतली असेल! आठवड्यांचे टपाल आता सेकंदांवर आले आहे. पण फोनवरच्या हकिकतीपैकी किती खरी मानावी, ती कोणाला सांगावी, आणि आपण तेथे नसताना ती सांगण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे, हे प्रश्न तसेच आहेत. गोखल्यांपाशी त्यांची तयार उत्तरे नव्हती. त्यांनी आधी चुकीच्या वेळी बोलून, मग जरुरीपेक्षा जास्त माघार घेऊन, आणि शेवटी स्वतः जाऊन काम करून ती शोधली.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाले, तर आम्ही म्हणू : घाबरले नाहीत; एकटे पडले. आणि ज्यांच्यासाठी ते बोलले होते, त्या स्त्रिया त्यांच्याहूनही एकट्या पडल्या. मंडईत जाल तेव्हा फुल्यांचे नाव आणि टिळकांचा पुतळा अवश्य पाहावा. पण या चौकाच्या आसपासच्या पेठांतून कधी काळी लंडनला काही पत्रे गेली होती, याचीही आठवण ठेवावी.